धूर दिसेनासा झाला, म्हणून?

डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले. शेणाच्या गॅसवर इंजिन चालविले म्हणजे हा काळा धूर पुष्कळच कमी होतो. गॅस हवेबरोबर आत जातो. पण नुसत्या दाबाने तो पेटत नाही, म्हणून बायोडिझेल मिसळलेल्या डिझेलचा लहानसा फवारा काडीचे काम करतो. बायोडिझेलमध्ये मुळातच प्राणवायू असल्याने काजळी आणखी घटते. मात्र भार हलका असला की गॅस अर्धवट जळतो, आणि रंग-वास नसलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो. तेव्हा हलक्या भारावर गॅस कमी सोडावा, आत जाणारी हवा तापवावी, धुराची नळी खोलीबाहेर न्यावी. मालक वाचलेले डिझेल मोजतो. इंजिनाशेजारच्या कामगाराच्या श्वासात काय जाते, तेही मोजले पाहिजे.