डेख राखून

पहाटे 5:30. कोरा चहा पोटात ढकलून आम्ही कलमांत शिरतो. देवगड तालुक्यातली कातळावरची बाग, मे महिन्याचा दुसरा आठवडा. मी पुण्यात संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सुट्टीत वर्गमित्राच्या काकांकडे रोजावर लागलो होतो. आंबा तोवर मी फक्त खाल्ला होता.

काढणी ऊन चढायच्या आत करायची. नेपाळहून हंगामासाठी आलेले गडी, म्हणजे ‘दाई’, झाडावर चढतात आणि झेल्याने फळ उतरवतात. झेला म्हणजे लांब काठीला लावलेली जाळी, तिच्या तोंडाशी पातं. आंबा चौदा आणे तयार झालेला हवा. झाडावर पिकू द्यायचा नाही. आणि डेख, म्हणजे देठ, राखायची, निदान बोटाच्या पेराएवढी. डेख तुटली की चीक फळावर ओघळतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे काळा डाग उमटतो. चीक हातावरही भाजतो. पहिल्या आठवड्यात माझ्या मनगटाची साल गेली होती.

सकाळी 8:00. क्रेट सावलीत न्यायचे. कामात पळापळ होते ती इथे. कातळ तापायला लागतो, आणि तापलेल्या जमिनीवर पडून राहिलेल्या फळात साका वाढतो. साका म्हणजे आतला गर पांढरट, भुसभुशीत होणं. बाहेरून फळ देखणं, वासही तोच. कापल्याशिवाय कळत नाही. या साक्यावर उपाय म्हणूनच नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात ‘रत्ना’ तयार झाला, 1981 साली तो बागायतदारांपर्यंत आला. काकांकडे त्याची चार कलमं आहेत. उरलेली सगळी हापूसची, कारण बाजार हापूस मागतो.

9:30. पेज, सोबत खारातली मिरची.

10:00 ते 1:00. मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, निवड. दिवसातला हा भाग मला अजूनही तासातासाने आठवतो. काकी आणि वाडीतल्या तिघी जणी पेंढ्यावर बसून फळ हातात घेतात, एकदा फिरवतात आणि आपापल्या ढिगात ठेवतात: चारडझनी, पाचडझनी, सहाडझनी. काटा कोपऱ्यात पडून असतो. मी हट्टाने काकींची वीसेक फळं वजन करून पाहिली. एकही चुकीच्या ढिगात नव्हतं. हे हात किती हंगामांत तयार झाले असतील याचा अंदाज माझ्या कुठल्याच सूत्राने बांधता आला नसता, आणि या बायकांना रोज माझ्याएवढाच मिळतो हे मला तिथे बसून खुपायला लागलं.

आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी मी घाईत एक क्रेट ढिगावर उपडा केला होता. काका ओरडले नाहीत. “झिला, आंबो ठेवूचो. टाकूचो नाय,” एवढंच म्हणाले. मग त्या ढिगातली दोन फळं उचलून वेगळ्या आढीत पेंढ्याखाली ठेवली. मी विसरूनही गेलो होतो. आज, दहाव्या दिवशी, त्यांनी ती काढली. रंग सोन्यासारखा. एक कापलं, तर सालीखाली तपकिरी, पाणचट डाग.

“भायरसून काय कळला तुका?”

मी म्हटलं, “काका, पाचडझनी पेटीत साठ फळं. त्यातली दोन अशी निघाली तर तीन टक्क्यांच्या आसपास.” मला खरंच ते थोडं वाटत होतं.

“ती दोन ज्याच्या ताटात पडतली, त्याका काय सांगशील?”

उत्तर सुचलं नाही. वर्गात मी चूक नेहमी शेकड्यात मोजली होती. इथे ती एका फळात होती, ते माझ्या हातून आपटलं होतं, आणि त्यामुळे नुकसान मला ज्याचा चेहराही माहीत नाही अशा कुणाचं तरी होणार होतं.

दुपारी 1:00. कुळथाची पिठी, भात, झोप.

3:30. पेट्या भरायच्या. तळाला पेंढा, मग फळांचा थर, पुन्हा पेंढा. फळ हलता कामा नये आणि दबताही कामा नये. झाकणाच्या पट्ट्या ठोकताना बोटांखाली थोडीशी उभारी लागली पाहिजे. आज माझ्या बावीस पेट्या झाल्या, काकींच्या एकेचाळीस. पडलेली, डागाळलेली फळं कॅनिंगला, किलोवर. आपटलेली ती दोन फळंही त्या दिवशीच तिकडे जायला हवी होती.

संध्याकाळी 7:00. टेम्पो भरतो. वाशीच्या बाजारापर्यंत चारशे किलोमीटरहून जास्त रस्ता, तोही रातोरात. काय भाव लागला ते दलालाची पट्टी आल्यावरच कळेल. वळवाचा पाऊस आला तर सगळाच हिशोब बदलेल, म्हणून काका मधूनमधून आभाळाकडे बघतात.

बागेतून बाहेर पडताना कातळात एक खड्डा आहे. मी बॅटरी घेऊन पुढे गेलो आणि त्याच्या कडेवर उजेड धरला. ड्रायव्हरने गाडी जवळजवळ थांबवली. आधी पुढचं चाक उतरवलं, मग हळूच मागचं. पेट्यांचा आवाज झाला नाही.