‘चांगभलं’ ते ‘हॉब्सन-जॉब्सन’
कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या नाचू लागतात, तेव्हा उठणारा ‘चांगभलं’ हा घोष ‘चांग’ आणि ‘भलं’ या दोन समानार्थी शब्दांचा जोडशब्द असून कल्याण चिंतणे हाच त्याचा भाव आहे. असे घोष परक्या कानांवर पडले की त्यांचे रूप पार पालटते: मोहरममधील ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाचे इंग्रज शिपायांच्या तोंडी ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाले आणि हेन्री यूल व आर्थर बर्नेल यांच्या १८८६ मधील अँग्लो-इंडियन, म्हणजे हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीतील, शब्दांच्या कोशाला तेच नाव मिळाले. पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून आलेला ‘जगरनॉट’ वाटेतले सारे चिरडणाऱ्या शक्तीचा वाचक बनला. भक्तीच्या उत्सवावर हा अर्थ लादणे अन्यायाचेच होते. मराठी ‘मुंगूस’ मात्र ‘मंगूस’ होऊन मूळ अर्थासह इंग्रजीत आजही रूढ आहे.