शिरोरेषेच्या आधाराने उभी नावे

फ्रिजवर लावायचे लाकडी नाव तयार करायला तीन मिलिमीटर जाडीचे प्लायवूड किंवा एमडीएफ पुरते. विदर्भात चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान हाताशी असले, तरी इतके पातळ अखंड लाकूड शिरांच्या दिशेने सहज फाटते. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने नाजूक कोरकामही टिकते. सागाचा रंग हवाच असेल, तर सागाचा पापुद्रा चढवलेले एमडीएफ घेतात.

ही नावे लेझर यंत्रावर कापतात; कापणारा किरण बहुधा कार्बन डायऑक्साइड लेझरचा असतो. हा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये तयार करणारे कुमार पटेल बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी. लाकूड तो चटकन शोषते आणि जिथे तो पडतो तिथे जळून उडून जाते. चीर साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर रुंद होते.

खरी मेहनत आहे ती आराखड्यात. रोमन अक्षरे सुटी असतात; त्यांना पाठीमागे पट्टी तरी द्यावी लागते किंवा ती एकमेकांत घुसवावी लागतात. देवनागरीत हे काम शिरोरेषा आपसूक करते. ‘समीर’ एकाच तुकड्यात बाहेर येतो. मात्र संगणकावर प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा वेगळी असते. कोरल ड्रॉमध्ये ती ‘वेल्ड’ करून एकजीव केली नाही, तर लेझर दोन अक्षरांच्या सांध्यावरूनही फिरतो आणि नावाचे तुकडे पडतात. अनुस्वाराचा अडथळा वेगळाच. ‘अंकुर’मधले टिंब कशालाच जोडलेले नसते, त्यामुळे ते कापताक्षणी यंत्राच्या जाळीतून खाली पडते; म्हणून ते शिरोरेषेपर्यंत खाली आणावे लागते. ‘ग’, ‘ण’, ‘श’ यांचा डावा भाग केवळ शिरोरेषेला लटकतो, म्हणून बारीक फॉन्ट टाळून रेघ किमान दोन-तीन मिलिमीटर जाड ठेवणे शहाणपणाचे. नागपूरच्या झिरो माइल स्मारकाचे चिन्ह करताना हीच अडचण त्यातील घोड्यांच्या पायांशी येते. ते कापण्यापेक्षा स्तंभासह चकतीवर कोरलेले बरे.

यंत्रावर आधी कोरकाम, मग आतली छिद्रे आणि शेवटी बाहेरची कड, हा क्रम पाळतात, कारण सुटलेला तुकडा जागचा हलतो. पृष्ठभागावर मास्किंग टेप लावली की धुराचे डाग टेपवरच राहतात. हवेचा झोत ज्वाळा विझवतो. एमडीएफमधील डिंकाचा धूर घशाला झोंबतो, त्यामुळे तो पंख्याने बाहेर सोडावाच लागतो. पीव्हीसी मात्र या यंत्रात कधीही घालू नये. जळताना निघणारे हायड्रोजन क्लोराइड फुप्फुसांना आणि यंत्राच्या लोखंडालाही घातक असते.

नागपूरचा मे महिना ही या धंद्याची कसोटी. लेझरची काचेची नळी पाण्याने थंड ठेवावी लागते. पारा ४५ अंशांकडे गेला, की बादलीतले पाणी तापते, किरणाचा जोर ओसरतो आणि कालपर्यंत कापले जाणारे प्लायवूड अर्धवट राहते. म्हणून पाणी थंड करणारा चिलर घेणे भाग पडते. पावसाळ्यात उलट, पाणी फार थंड ठेवले तर नळीवर दव धरते. त्याच दिवसांत एमडीएफ ओल शोषून फुगते.

कापून झाल्यावर कडा पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासतात. पाठीमागे आठ-दहा मिलिमीटर व्यासाची निओडिमियम चुंबकाची चकती अॅरल्डाइटने चिकटवतात. आधीच कोरून ठेवलेल्या उथळ खळग्यात ती बसवली, तर नाव फ्रिजला सपाट टेकते.  लहान मुलांच्या घरी चकती सुटणार नाही याची दुप्पट खात्री हवी. एकाहून अधिक चुंबक गिळले गेले, तर आतड्यात ते एकमेकांना ओढतात आणि मधल्या भिंतीला इजा होते. अशा घरांसाठी रबरी चुंबकपट्टी कमी जोराची, पण बरी.

ऑर्डर घेण्याआधी एक प्रश्न विचारलेला चांगला: दरवाजा काचेचा आहे का? काच मढवलेल्या दरवाजांवर आणि काही प्रकारच्या स्टेनलेस स्टीलवर चुंबक धरत नाही. अशा वेळी नाव फ्रिजच्या पत्र्याच्या बाजूला लावायचे.