‘आलं का?’ नको, ‘किती?’ विचारा!

एक जण गच्चीवर, एक जण जिन्यात, एक जण टीव्हीसमोर. वरून हाक येते, ‘आलं का?’ जिन्यातून निरोप खाली जातो, खालून उत्तर वर येतं, ‘आलं, आलं... गेलं!’ तुम्ही हॉस्टेलवर राहत असाल, तर सुट्टीत गावी गेल्यावर हा कार्यक्रम तुम्हाला चुकत नाही. तुम्ही शिकता कॉमर्स किंवा मास कॉम, पण घरच्यांच्या लेखी शिकलेलं पोर म्हणजे अर्धा टेक्निशियन!

‘ओटीटीच्या जमान्यात डिश कोण लावतं यार?’ असं वाटत असेल, तर शहराबाहेर पडून घरांच्या छपरांकडे बघा. डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. डिश आणि बॉक्स एकदा विकत घेतला की झालं. डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा सुरू झाली, तेव्हा तिचं नाव होतं डीडी डायरेक्ट प्लस. जुलै २०२० मध्ये, शाळा बंद असताना, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. घरात एकच स्मार्टफोन आणि तोही वडिलांसोबत रानात, अशा पोरांसाठी टीव्ही हाच वर्ग होता. आजही रेंज नसलेल्या वाडीवर आजीची दुपार आणि सातच्या बातम्या या डिशवरच चालतात. ती वाऱ्याने हलली की टेक्निशियन तालुक्याहून येणार, ‘उद्या येतो’ म्हणणार आणि फेरीचे पैसे वेगळे घेणार. म्हणून हे काम शिकून घेण्यासारखं आहे.

बघायचं कुठे?

फ्री डिशचा उपग्रह आहे जीसॅट-१५. तो विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, जमिनीपासून सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वीच्याच वेगाने फिरत असल्यामुळे आपल्याला तो एकाच जागी थांबल्यासारखा असतो. म्हणूनच डिश एकदा नीट बसली की पुन्हा हलवावी लागत नाही.

पुण्यातून तो आग्नेयेला दिसतो. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर साधारण १३२ अंशांवर, आणि क्षितिजापासून वर ५९ अंशांवर. नागपुरातून हेच आकडे साधारण १४४ आणि ६० होतात. मोबाइलमधलं होकायंत्र दिशेसाठी पुरतं, पण लोखंडी पाइप किंवा रेलिंगजवळ ते गंडतं. दोन पावलं लांब उभं राहून दिशा बघा आणि दूरचं एखादं झाड किंवा टॉवर खूण म्हणून धरा.

उपग्रह इतका वर असल्यामुळे कोकणात पूर्वेला सह्याद्री आडवा असला तरी सहसा डोंगर नडत नाही, नडतो तो अंगणातला फणस. डिशपेक्षा १० मीटर उंच झाड त्या दिशेला ६ मीटरच्या आत असेल, तर ते सिग्नल अडवतं. मग डिश कितीही फिरवा, काही होत नाही. जागाच बदलावी लागते.

आणखी एक. शेजाऱ्याची डिश बघून आपली फिरवणार असाल, तर आधी त्यांच्याकडे कुठली सेवा आहे ते विचारा. टाटा प्लेची डिश ८३ अंशांवरच्या उपग्रहाकडे बघते, एअरटेलची १०८.२ अंशांवरच्या. सेवा तीच असेल तर मात्र शेजाऱ्याच्या डिशसारखं होकायंत्र नाही.

५ मिलिमीटरचा खेळ

घरगुती डिश साधारण ६० सेंटिमीटरची असते. ती १ अंश फिरली तर तिची कड जेमतेम ५ मिलिमीटर सरकते, पण तिकडे वर, उपग्रहाच्या अंतरावर, तेवढ्यानेच ६०० किलोमीटरहून जास्त फरक पडतो. अशा डिशची नजर असते जेमतेम ३ अंश रुंद. म्हणजे तुम्ही जोरात ढकललीत, तर सिग्नल येऊन निघूनही जातो आणि खाली कोणाला पत्ता लागत नाही. बॉक्सला सिग्नल पकडायला दोन-तीन सेकंद लागतात. त्यामुळे थोडी हलवा, थांबा, विचारा.

आणि विचारायचं काय? ‘आलं का?’ नाहीच. बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान उघडा. तिथे दोन पट्ट्या दिसतील, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ डिश भलतीकडे असतानाही बऱ्यापैकी दिसते, तिच्यावर भुलू नका. योग्य उपग्रह सापडलाय का, हे क्वालिटी सांगते. खालच्या माणसाला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि एकच काम द्या, ‘क्वालिटीचा आकडा वाचत राहा.’

क्रम चुकवू नका

आधी पाइप. तो अगदी उभा हवा. घरात ओळंबा नसेल तर दोरीला नट बांधा आणि दोन बाजूंनी बघा. पाइप कलला असेल तर पुढचे सगळे अंश चुकतात.

मग उंचीचा कोन. डिशमागच्या पट्टीवर अंश कोरलेले असतात, तिथे आपला आकडा लावा. डिश खाली बघतेय असं वाटेल, पण घाबरू नका. तिचा आकारच असा असतो की दिसते त्यापेक्षा ती बरीच वर बघते.

मग दिशा. नट इतपत सैल ठेवा की डिश फिरेल पण लटपटणार नाही. खुणेच्या थोडं अलीकडून सुरू करून पलीकडे हळूहळू न्या. क्वालिटी दिसली की लगेच आवळू नका. आकडा वाढून पुन्हा पडेपर्यंत जा, मग दुसऱ्या बाजूनेही तो कुठे पडतो ते बघा. त्या दोन जागांच्या बरोबर मध्ये थांबा. उंचीचंही तसंच करा. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, हा नियम सोडू नका.

शेवटी एलएनबी, म्हणजे डिशसमोरच्या दांडीवरचं ते डबडं. बरेच जण ते सरळ बसवून मोकळे होतात. पण ते स्वतःभोवती किती फिरवायचं, हे तुमच्या गावावर ठरतं. थोडं थोडं फिरवून आकडा कुठे सर्वात वर जातो ते बघा. नट आवळताना एक इकडचा, एक तिकडचा, असं थोडं थोडं आवळा. आवळतानाही डिश सरकते, तेव्हा खालचा आकडा ऐकत राहा.

इतकं करूनही क्वालिटी हलत नसेल तर केबल बघा. तांब्याची तार काळी पडली असेल किंवा कनेक्टरमध्ये पाणी गेलं असेल, तर टोक कापून नवं करा. पण त्याआधी बॉक्सचा प्लग काढा, कारण एलएनबीला वीज त्याच केबलमधून जाते.

वर न चढण्याचीही वेळ असते

धो धो पावसात चित्र गेलं तर डिशला हात लावू नका. पावसाचे थेंब या लहरी शोषून घेतात, सर ओसरली की चित्र आपोआप येतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र जाऊ शकतं. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो. तेव्हा डिश हलवलीत, तर चांगली लागलेली डिश उगाच बिघडवाल.

ओल्या शेवाळलेल्या स्लॅबवर, सिमेंटच्या पत्र्यावर, विजा चमकताना किंवा विजेच्या तारा हाताच्या अंतरावर असताना तर चढायचंच नाही. एक मॅच किंवा एक एपिसोड हुकला तर काही बिघडत नाही.

सगळं जमलं की खाली उतरण्याआधी एक काम करा. ऑइल पेंट किंवा मार्कर घेऊन पाइपवरून क्लॅम्पवर जाईल अशी एक सरळ रेघ ओढा, आणि उंचीच्या पट्टीवरही एक खूण करा. पुढच्या वादळात डिश फिरली तर रेघेला रेघ जुळवली की चित्र बहुतेक परत येईल. ती रेघ घरातल्या धाकट्याला किंवा काकूंना दाखवून ठेवा. तुम्ही हॉस्टेलवर असताना आजीच्या बातम्या अडायला नकोत.