पोर्टल लाइव्ह होताना

वेब पोर्टलचे काम पूर्ण होणे आणि ते लोकांच्या वापरासाठी खुले होणे यांत मोठे अंतर असते. डेव्हलपरच्या संगणकावर एका वेळी एकच माणूस काम करतो, डेटाबेसमध्ये शंभर-दोनशे नमुना नोंदी असतात आणि काही बिघडले तरी कोणाचे नुकसान होत नाही. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष सेवेत, एकाच तासात हजारो अर्जदार येऊ शकतात, खरे पैसे भरतात, खरी कागदपत्रे अपलोड करतात.

म्हणून एकाच पोर्टलच्या निदान तीन-चार प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवल्या जातात. डेव्हलपमेंटच्या प्रतीत रोज मोडतोड चालते. टेस्टिंगची प्रत टेस्टरच्या ताब्यात असते. स्टेजिंगची प्रत शक्य तितकी प्रॉडक्शनसारखीच हवी, कारण ज्या विभागासाठी पोर्टल बनले त्याची माणसे येथेच ते वापरून पाहतात आणि मंजुरी देतात. बदल नेहमी याच क्रमाने पुढे सरकतो. तपासलेला बिल्ड, म्हणजे कोडपासून बनवलेली चालवण्याजोगी आवृत्ती, जसाच्या तसा पुढे जातो. बदलतात ती फक्त सेटिंग्ज : डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, पेमेंट गेटवेच्या किल्ल्या. ही गुपिते कोडमध्ये लिहून ठेवू नयेत, आणि घाई असली तरी प्रॉडक्शनवर थेट दुरुस्ती करू नये. तशी दुरुस्ती मूळ कोडमध्ये नोंदवायची राहून जाते आणि पुढच्या वेळी तोच दोष परत येतो.

चाचणीची माहिती खऱ्यासारखी असावी, पण खऱ्या नागरिकांची नसावी. मराठी पोर्टलांच्या बाबतीत याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘श्रीकृष्ण’ या एका नावालाच 27 बाइट लागतात. 50 बाइटांच्या रकान्यात इंग्रजीची 50 अक्षरे बसतात, तेथे देवनागरीची 16 चिन्हे जेमतेम मावतात. चाचणीत सगळी नावे इंग्रजीत टाकली, तर हा दोष पहिल्या खऱ्या अर्जदारालाच सापडतो.

प्रत्यक्ष लाइव्ह करण्याच्या कामात लहानशी चूक किती महाग पडते, हे अमेरिकेतील शेअर दलाली करणाऱ्या नाइट कॅपिटल या कंपनीने अनुभवले. तिला आठ सर्व्हरवर नवा कोड चढवायचा होता. तंत्रज्ञाने तो सातच सर्व्हरवर चढवला आणि दुसऱ्या कोणी ते काम तपासावे असा लेखी नियम नव्हता. 1 ऑगस्ट 2012 रोजी बाजार उघडताच आठव्या सर्व्हरवरचा, वर्षानुवर्षे पडून असलेला जुना कोड जागा झाला आणि भराभर सौदे करत सुटला. दोष शोधण्याच्या धडपडीत नवा कोड उरलेल्या सात सर्व्हरवरून काढण्यात आला, त्यामुळे तेथेही जुनाच कोड चालू लागला. सुमारे 45 मिनिटांत 46 कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. मागे फिरण्याची वाट, म्हणजे रोलबॅक, आधी आखून आणि करून पाहिलेली नसेल तर ती संकट वाढवू शकते.

बॅकअपचेही तेच. 31 जानेवारी 2017 रोजी कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याने दुय्यम डेटाबेस सर्व्हरवर द्यायची डिलीटची आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. सुमारे 300 जीबी माहिती पुसली गेली. बॅकअप पाहायला गेल्यावर कळले की, सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्याने ते घेतलेच जात नव्हते आणि त्याची सूचना देणारे ईमेलही पोहोचत नव्हते. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कारणाने घेतलेली एक प्रत हाती होती, म्हणून कंपनी सावरली. बॅकअप घेतला आहे की नाही, एवढे विचारणे पुरेसे नसते. तो परत चढवून शेवटचा कोणी पाहिला, हे विचारावे.

येथून प्रश्न माणसांचा होतो. डेव्हलपर कोड लिहितो, पण प्रॉडक्शनच्या चाव्या त्याच्या एकट्याच्या हाती नसाव्यात. टेस्टरला ‘हे अजून तयार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार हवा आणि तारीख जवळ आली म्हणून तो काढून घेऊ नये. डेटाबेस आणि सर्व्हर सांभाळणारे पहिल्या बैठकीपासून सोबत हवेत. शेवटच्या आठवड्यात त्यांना बोलावणे ही फार जुनी चूक आहे. सुरक्षा तपासणी बाहेरच्याने करावी. भारतात सरकारी पोर्टलांना सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या पॅनेलवरील संस्थेकडून ती करून घ्यावी लागते. हेल्पडेस्कला लाइव्ह होण्याआधीच प्रशिक्षण हवे. या सर्वांवर ‘सुरू करा’ किंवा ‘थांबा’ म्हणणारी एकच व्यक्ती असावी आणि तिचे नाव सर्वांना माहीत असावे.

ते नाव नसले की काय होते, याचे मोठे उदाहरण म्हणजे अमेरिकी सरकारचे आरोग्य विम्याचे हेल्थकेअर.गव्ह हे पोर्टल. 1 ऑक्टोबर 2013 रोजी ते खुले झाले आणि पहिल्या दिवशी केवळ सहा जणांची विमा नोंदणी पूर्ण झाली. कामावर डझनावारी कंत्राटदार होते. प्रत्येकाने आपला भाग तपासला होता, पण संपूर्ण पोर्टलची सलग चाचणी अगदी शेवटी, घाईत झाली. तुकडे जोडण्याची जबाबदारी सरकारी विभागाने स्वतःकडे ठेवली होती, पण त्यासाठी लागणारा अनुभव त्याच्याकडे नव्हता. नंतरच्या सरकारी चौकशी अहवालानेही स्पष्ट नेतृत्वाच्या अभावावर बोट ठेवले.

दुरुस्तीसाठी आलेल्या पथकाने आधी पोर्टलची प्रकृती दाखवणारा फलक उभारला. कोणते पान किती वेळ घेते, कोठे किती त्रुटी येतात, हे तोवर कोणालाच एका जागी दिसत नव्हते. मग रोजच्या बैठका सुरू झाल्या. गूगलमधून आलेले मिकी डिकरसन यांनी त्यांना साधे नियम घातले : येथे प्रश्न सोडवायचे, दोष ढकलायचे नाहीत, आणि बोलायचे ते ज्याला विषय सर्वाधिक कळतो त्याने, हुद्द्याने मोठ्याने नव्हे. डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत पोर्टल एका वेळी 50,000 वापरकर्ते पेलू लागले. पहिल्या नोंदणी मोसमाअखेर, राज्यांची स्वतंत्र पोर्टले धरून, 80 लाख लोकांनी विमा निवडला. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकी सरकारने अशा कामांसाठी ‘यूएस डिजिटल सर्व्हिस’ हे कायमचे पथक स्थापन केले आणि त्याचे प्रमुखपद डिकरसन यांच्याकडे दिले.