पत्रादेवीची रेषा

कोल्हापूरहून आजरा, आंबोली, सावंतवाडी करीत बांद्याच्या पुढे गेले की पत्रादेवी लागते आणि गोवा सुरू होतो. आज या वाटेने भाजीपाल्याच्या गाड्या सहज जातात. सत्तर वर्षांपूर्वी मात्र हीच रेषा दोन राष्ट्रांची सीमा होती.

१९४७ नंतरही गोवा, दमण व दीव पोर्तुगीज अमलाखालीच राहिले. रेषेच्या दोन्ही बाजूंना भाषा, दैवते आणि सोयरिकी एकच. चलन व कायदा तेवढा वेगळा. १९५४ मध्ये भारताने या प्रवासावर व्हिसाचे निर्बंध घातले. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगर हवेली मुक्त झाली. कोल्हापुरात जन्मलेले संगीतकार सुधीर फडके त्या लढ्यात होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. वीसहून अधिक जण हुतात्मा झाले. भारताने सीमा बंद केली, कॅसलरॉकमार्गे मुरगावला जाणारी रेल्वेही थांबली. गोव्याला बटाटे, तांदूळ, सिमेंट समुद्रमार्गे परदेशांतून आणावे लागले. मुंबईत चाकरीस असलेल्या गोमंतकीयांची आणि गावाकडील घरांची ताटातूट झाली.

पोर्तुगालने १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. दमणहून दादरा व नगर हवेलीस भारतातून जाण्याचा हक्क त्याला हवा होता. १२ एप्रिल १९६० च्या निकालाचे मर्म व्यापाऱ्याने लक्षात घ्यावे असे आहे. खासगी प्रवासी, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांना १९५४ मध्ये जाण्याचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांना नव्हता. तो हक्कही भारताच्या नियमनाखालचाच होता आणि त्या तणावात वाट नाकारून भारताने कर्तव्यभंग केला नाही. माल व माणूस एकीकडे, शस्त्र दुसरीकडे, हा भेद न्यायालयाने मानला. बंद सीमेवर मात्र असा भेद उरत नाही. तेथे शिपाई अडतो, तसा सासरी निघालेली लेकही अडते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि परवान्यांचे प्रयोजन संपले. त्या काळाचे साक्षीदार आता थोडेच उरले आहेत. ज्या घरांचा गोव्याशी व्यवहार होता, तेथील जुन्या चोपड्या, पत्रे वा एखादा परवाना माळ्यावर पडून असू शकेल. दिवाळीच्या साफसफाईत ते कागद रद्दीत जाण्यापूर्वी एकदा उघडून पाहावेत. थांबलेले येणे आणि न पोहोचलेला माल यांच्या नोंदींतही देशाचा इतिहास असतो.