न चढलेल्या डोंगराची वाट

कार्तिकी पौर्णिमेची पहाट. गावाबाहेरच्या मोकळ्या पटांगणात मांडव घातलेला, आणि मांडवात दोन खांबांच्या मध्ये ताणून बांधलेला शत्रुंजयाचा पट. कापडावर रंगविलेला हिरवट डोंगर, त्यावरून वळणे घेत जाणारी पांढरी वाट, वाटेवरील कुंड, देहऱ्या, पोळी आणि सर्वांत वर दादा आदीश्वरांचे शिखरबंद मंदिर. थंडीत शाल गुंडाळून आलेले श्रावक-श्राविका पटासमोर उभे राहतात, शत्रुंजयाच्या एकवीस नावांनी एकवीस खमासमणे देतात, चैत्यवंदन करतात. साताऱ्याकडील आमच्या बाजारपेठेच्या गावात हे दृश्य मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

या दिवसाचे महत्त्व वाचकांना सांगण्याची गरज नाही. चातुर्मासात जीवदयेच्या भावनेने गिरिराजाची यात्रा बंद असते. कार्तिकी पौर्णिमेला ती पुन्हा सुरू होते. द्राविड आणि वारिखिल्ल हे दहा कोटी मुनींसह याच दिवशी येथे मोक्षाला गेले अशी आपली श्रद्धा आहे. ज्यांना शक्य असते ते पालिताण्याला जातात. ज्यांना शक्य नसते ते पटासमोर उभे राहून मनाने डोंगर चढतात. यालाच आपण भावयात्रा म्हणतो.

बरीच वर्षे मी भावयात्रेला एक सोय समजत होतो. जाता येत नाही, म्हणून चित्रावर समाधान मानायचे, एवढाच तिचा अर्थ मला कळला होता. तो समज कसा मोडला, ते सांगण्यासाठी हा लेख.

बांचे प्रश्न

आमच्या बा, म्हणजे माझ्या आई, कधीही पालिताण्याला गेल्या नाहीत. लग्न होऊन आल्या तेव्हा घरात माणसे अधिक आणि भुसाराच्या दुकानात हात कमी. पुढे आजोबांचे आजारपण निघाले. मग आम्ही भाऊ मोठे झालो आणि दरवर्षी म्हणू लागलो, "बा, यंदा दिवाळीचा हिशोब झाला की जाऊ." दिवाळीनंतर लाभपंचमीला दुकान उघडे, नवा माल येई, आणि पौर्णिमा निघून जाई. देणेकऱ्याचा एक दिवसही न चुकविणाऱ्या आमच्या घरात हे एक देणे मात्र वर्षानुवर्षे पुढे ओढले गेले. अखेर बांचे गुडघेच थकले. आम्ही डोलीचा आग्रह धरला. त्या म्हणाल्या, "डोलीने जाणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. पण माझ्या मनाला ते पटत नाही. मी पटासमोरच चढेन."

तीन वर्षांपूर्वी मी पत्नी-मुलांसह जाऊन आलो. पहाटे चढायला सुरुवात केली, गर्दीतून वाट काढली, पूजा केली, ऊन चढायच्या आत खाली उतरलो, तळेटीला भाते घेतले आणि त्याच संध्याकाळी परतीची गाडी धरली. घरी आलो तेव्हा बा माळ बाजूला ठेवून समोर बसल्या.

"हिंगळाजच्या चढावर थांबलास का?"

"थांबलो असेन, बा. आठवत नाही."

"हनुमानधारेपाशी वाट फुटते. तिथून नव टूंकेकडे गेलास की सरळ दादांकडे?"

"सगळे ज्या बाजूने जात होते, त्या बाजूने गेलो."

"आणि रायणीखाली? पगल्यांपाशी किती वेळ बसलास?"

मी मोबाइल काढून छायाचित्रे दाखवू लागलो. बांनी दोन-तीन पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, "ही तुझी चित्रे आहेत, बेटा. मी डोंगराचे विचारत होते."

माझ्याजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट होती: सव्वादोन तासांत वर पोहोचलो. पोत्यातील मूठभर धान्यही हातावर न घेता माल ताब्यात घेतल्यासारखे ते झाले होते. साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या माझ्या पायांनी मोजल्या. पण ज्या बाई कधी तिथे गेल्याच नव्हत्या, त्यांना त्या डोंगराची माझ्यापेक्षा अधिक ओळख होती.

पटावरील वाट

त्या रात्री बांनी घरातील छोटा कागदी पट काढला आणि मला समोर बसविले. भावयात्रेची रीत मी तेव्हा प्रथम नीट पाहिली. जय तळेटीला पहिले चैत्यवंदन. मग बोट हळूहळू वर सरकते. इच्छाकुंड, कुमारकुंड. तेथून हिंगळाजचा हडो. कमरेवर हात ठेवल्यावाचून तो चढवत नाही, असे यात्रेकरू सांगतात, म्हणून बाही तिथे बोट थांबवून दीर्घ श्वास घेतात. पुढे छालाकुंड, हनुमानधारा, रामपोळ, सगाळपोळ, वाघणपोळ. आत शांतिनाथांपाशी दुसरे चैत्यवंदन. मग हाथीपोळ, रतनपोळ आणि दादांचा दरबार. तेथे दादांपाशी, रायणवृक्षाखालील पगल्यांपाशी आणि पुंडरीकस्वामींपाशी उरलेली तीन. अशी पाच चैत्यवंदने पूर्ण झाली की यात्रा झाली. बांना यासाठी दीड तास लागला. मध्ये एकदा दूरध्वनी वाजला तेव्हा त्यांनी नुसता हात वर केला. कुमारकुंडापासून हिंगळाजपर्यंतचा चढ त्यांना पुन्हा चढावा लागला, कारण लक्ष विचलित झाले होते.

त्यावरून ध्यानात आले की भावयात्रा ही सोय नाही. तिच्यात पायांना विश्रांती असेल, पण मनाला नाही. प्रत्यक्ष डोंगरावर मन भटकले तरी पाय वर नेतात; पटावर मन भटकले की यात्रा तिथेच थांबते.

दूरची भूमी जवळ आणणारी परंपरा

न पाहिलेल्या भूमीचे दर्शन घेण्याची ही कला आपल्या परंपरेत किती खोलवर रुजली आहे, याचा विचार केला की आश्चर्य वाटते. सकाळच्या जगचिंतामणी सूत्रात आपण शत्रुंजयाचे ऋषभदेव, गिरनारचे नेमिनाथ, साचोरचे महावीरस्वामी आणि भरूचचे मुनिसुव्रतस्वामी यांना वंदन करतो. घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच राजस्थान-गुजरातची वाट चालून होते. आपल्या दिगंबर बांधवांच्या निर्वाणकांडात सम्मेदशिखर आणि गिरनारबरोबर महाराष्ट्रातील गजपंथा, मांगीतुंगी आणि कुंथलगिरी यांनाही वंदन आहे.

गिरनारवर मंत्री वस्तुपाल यांनी तेराव्या शतकात बांधविलेल्या मंदिराच्या दोन बाजूंना सम्मेदशिखर आणि मेरू यांच्या रचना आहेत. म्हणजे एका पर्वतावर उभे असलेल्या यात्रेकरूलाही दुसऱ्या पर्वताची भावयात्रा घडावी, अशी योजना! चौदाव्या शतकात आचार्य जिनप्रभसूरींनी 'विविधतीर्थकल्प' रचला. ते स्वतः पायी फिरले, देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, राहिले. त्या ग्रंथात नाशिक आणि प्रतिष्ठानपूर, म्हणजे पैठण, यांचेही वर्णन येते. गावोगावच्या ज्या वाचकाला तेथवर जाणे शक्य नव्हते, त्याच्यासाठी तो ग्रंथ हीच वाट होती.

विज्ञप्तिपत्रांची प्रथा तर याहून मनोरंजक आहे. आचार्यांनी आपल्या गावी चातुर्मास करावा म्हणून संघ लांबलचक चित्रमय पत्र पाठवीत असे. मंगलचिन्हे आणि चौदा स्वप्नांनंतर त्यात गावच रंगविलेले असे: मंदिरे, उपाश्रय, रस्ते, दुकाने, तागड्या घेऊन बसलेले व्यापारी. वाहनाचा त्याग केलेल्या आचार्यांनी पाऊल उचलण्यापूर्वी आपले गाव पाहावे, ही त्यामागील भावना. १६१० मध्ये आग्र्याच्या संघाने आचार्य विजयसेनसूरींना पाठविलेले असे पत्र प्रसिद्ध आहे. उस्ताद शालिवाहन या चित्रकाराने त्यात बादशहा जहांगीराचा दरबार आणि पर्युषणातील जीवहिंसाबंदीच्या फर्मानाचा प्रसंग चितारला. गुजरातेत असलेल्या आचार्यांना आग्र्याचा आनंद डोळ्यांनी पाहता आला तो असा.

व्यापारी आणि दिशांची मर्यादा

आपण व्यापारी माणसे. माल आणि मागणी यांच्यामागे दूरवर जाणे हा आपला धर्मच झाला आहे. तरीही श्रावकाच्या बारा व्रतांतील सहावे, दिक्परिमाण व्रत, वर, खाली आणि सभोवार किती दूर जायचे याची मर्यादा घालायला सांगते. दहावे देशावकाशिक व्रत तीच मर्यादा दिवसापुरती आणखी आवळते. उपासकदशांगातील आनंद श्रावकाची कथा आपण व्याख्यानात ऐकली आहे. त्याने दूरच्या प्रवासासाठी पाचशे आणि जवळच्या वाहतुकीसाठी पाचशे गाड्यांची, तसेच नौकांचीही मर्यादा घेतली. एवढा मोठा व्यापार असलेला गृहस्थ प्रथम सीमा ठरवितो.

पूर्वी मला हे व्रत म्हणजे पायांत घातलेली बेडी वाटे. आता वाटते की ज्याने दिशा मर्यादित केल्या, त्याचे पाहणे खोल होते. पाहण्यासारखी ठिकाणे कधी संपत नाहीत, आणि आणखी एक, आणखी एक असे म्हणत धावणे हा लोभाचाच एक प्रकार आहे. तीर्थांची यादी करून त्यावर खुणा करीत जाणारा आणि गोदामात नुसता माल रचीत जाणारा यांच्यात फारसे अंतर नाही.

भायखळ्याचा गिरिराज

या संदर्भात मुंबईच्या मोतीशा शेठांची आठवण होते. त्यांची जहाजे दूरदेशी जात. शत्रुंजयावर दोन शिखरांमधील कुंतासरची खोल दरी भरून काढून त्यांनी टूंक उभारावयास घेतली. १८३६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि प्रतिष्ठा त्यांच्या पश्चात झाली. स्वतः उभारलेल्या मंदिरांतील प्रतिष्ठा त्यांना पाहता आली नाही. परंतु त्याआधीच, १८२८ मध्ये, त्यांनी भायखळ्याला आदीश्वरांचे मंदिर बांधले होते. आजही कार्तिकी आणि चैत्री पौर्णिमेला हजारो मुंबईकर भायखळ्याला जाऊन शत्रुंजयाची यात्रा घडल्याचे समाधान मिळवितात. ज्यांना सुट्टी नाही, ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, ज्यांच्याजवळ प्रवासखर्च नाही, त्यांच्यासाठी डोंगर शहरात आला. संपत्तीचा याहून सुंदर उपयोग कोणता?

सोय आणि साधना

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. भावयात्रा ही शक्य असूनही न जाणाऱ्याची पळवाट नव्हे. ज्याच्या पायांत बळ आहे, त्याने चढावे. दगडाचा गारवा, उन्हाचा चटका, वरून दिसणारी शेत्रुंजी नदीची चकाकी, रिकाम्या पोटी उतरताना लागणारी भूक, हे पटावर मिळत नाही. बाही तसे कधी म्हणाल्या नाहीत. उलट, "जा, आणि नीट पाहून ये," हाच त्यांचा आग्रह.

दुसऱ्या बाजूने, मोबाइलवर दहा सेकंदांचे दर्शन घेऊन बोट पुढे सरकविणे म्हणजे भावयात्रा नव्हे. पट आणि पडदा यांत फरक आहे. पडद्यावर चित्र आपल्याला पुढे नेते. पटावर आपल्यालाच वाट चालावी लागते. त्याच पडद्यावर गिरिराजाचे चित्र स्थिर ठेवून कोणी तासभर पाच चैत्यवंदने करील, तर तीही भावयात्राच होईल.

दुसरी यात्रा

मागच्या वर्षी मार्गशीर्षात मी पुन्हा गेलो, एकटाच. खिशात दुकानातील छोटी वही आणि तिच्यात बांनी सांगितलेले प्रश्न. हिंगळाजच्या चढावर थांबलो. हनुमानधारेपाशी दोन्ही वाटा पाहिल्या. मोतीशा शेठांच्या टूंकेत उभा राहून, पायाखाली कधी दरी होती याची कल्पना करून पाहिली. रायणीखाली बसलो, किती वेळ ते पाहिले नाही. उतरायला दुपार झाली.

घरी आल्यावर तीन संध्याकाळी बांना वाचून दाखविले. पट समोर होताच. कुठे मी चुकलो तर त्या बोटाने दाखवून दुरुस्त करीत. कुठे पट चुकला असेल तर मी सांगत असे, आणि त्या ते लक्षात ठेवीत. त्यांचे डोळे मिटलेले असत. चालणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे मला त्या संध्याकाळी सांगता आले नसते.

शेवटी त्यांनी विचारले, "वाघणपोळीतून आत शिरताना दादांच्या शिखरावरची ध्वजा दिसते का रे?"

मी वही चाळली. ते लिहिलेले नव्हते. आठवतही नव्हते.

बा हसल्या आणि पटाची गुंडाळी करीत म्हणाल्या, "म्हणजे तुला पुन्हा जावे लागणार."

यंदाच्या कार्तिकी पौर्णिमेला आपल्या घरातील ज्या वडीलधाऱ्यांना डोंगर चढता येत नाही, त्यांच्याजवळ घटकाभर बसून पट उलगडावा, एवढीच विनंती. त्यांचे प्रश्न लिहून घ्यावेत आणि मग यात्रेला निघावे.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.